लँडिंग बसत नाहीये? आधी नजर बदला

विमान उडवायला शिकताना पहिले आठ-दहा तास सगळं भारी वाटतं, वळणं, चढणं-उतरणं, घरी फोन करून सांगतो आपण की जमतंय म्हणून, आणि मग सर्किट सुरू होतात, म्हणजे धावपट्टीभोवती फेरी मारून पुन्हा पुन्हा उतरणं, आणि कळतं की आपल्याला काहीच येत नाही. माझं विमान टेकायचंच नाही, आपटायचं. एकदा तर शिकवणारे सर उतरल्यावर शांतपणे म्हणाले, "लॉगबुकात लँडिंग एकच लिही हं, उड्या तीन होत्या."

तर मला जे उशिरा कळलं ते सांगतो. विमान सेसना 172 धरा.

लँडिंग बिघडतं ते फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेत खाली येताना, धावपट्टीवर फक्त दिसतं. फुल फ्लॅप्सला (पंखांमागच्या झडपा पूर्ण खाली) वेग 65 नॉट्स म्हणजे 65च, 72 घेऊन आलात की विमान तरंगत राहणार आणि तुम्ही वैतागून नोज खाली दाबणार. ट्रिम करा, म्हणजे ट्रिमचं चाक फिरवून कंट्रोलवरचा जोर घालवा, मुठीत कंट्रोल आवळू नका, दोन बोटांत धरता आला पाहिजे. बारामतीसारख्या ठिकाणी दुपारी अजून एक गंमत, उसावरून येताना विमान जरा खाली बसतं आणि नांगरलेल्या काळ्या रानावर आलं की वर उचललं जातं, कारण काळी माती जास्त तापते. हे माहीत असलं की दचकायला होत नाही, पण सकाळी जमीन तापलेली नसते, म्हणून सुरुवातीला सकाळचा स्लॉट मागा, भांडून मागा.

आता खरी गोष्ट, नजर. मी नाकासमोरची धावपट्टी बघायचो. स्कूटर शिकताना पुढच्या चाकाकडे बघितलं की काय होतं आठवा, तेच. जमीन दहा-पंधरा फुटांवर आली की थ्रॉटल बंद करत नजर पार धावपट्टीच्या टोकाला न्या, मग कडेनं जमीन वर येताना आपोआप जाणवते. आणि विमान उतरवू नका! इंचभर वर धरून ठेवायचा प्रयत्न करा, हळूहळू मागे ओढत, ते थकलं की स्वतःच बसतं, आधी मागची दोन चाकं.

उडी बसली तर नोज ढकलायचं नाही, कधीच नाही, पुढचं चाक मोडतं ते असंच. छोटी असेल तर नोज तसंच धरा, किंचित पॉवर द्या. मोठी असेल तर फुल थ्रॉटल, फ्लॅप्स 20 अंशांवर, गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर. यात कमीपणा काही नाही, मी एका सकाळी चार केलेत.

प्रगती मोजायला वही ठेवा, पण "चांगलं/वाईट" असं लिहू नका, कारण लिहा. माझ्या वहीत आधी "आपटलं" एवढंच असायचं, पुढे "फ्लेअर उशिरा" (फ्लेअर म्हणजे टेकण्याआधी नोज वर उचलणं), मग "स्पीड 70, बेसवरच जास्त होता" (बेस म्हणजे फायनलच्या आधीचा आडवा टप्पा). लँडिंग तेव्हाही ओबडधोबडच होतं, पण चूक कुठे झाली ते मला सरांच्या आधी कळायला लागलं होतं, आणि त्या दिवशी परत येताना जो आनंद झाला तो पुढे मऊ लँडिंगलाही झाला नाही खरं तर. दुसरी खूण सरांच्या हातांची. ते कंट्रोलजवळून मांडीवर आले की समजा काहीतरी जमतंय.

मग एक दिवस स्टॉल वॉर्निंग, म्हणजे पंखांची उचल सुटायच्या बेतात असल्याचा भोंगा, बारीक किंचाळते आणि त्याच वेळी चाकं टेकतात. सर काहीच बोलत नाहीत.

आणि हो, सोलोला, म्हणजे एकट्यानं उडायच्या वेळी, सर उतरले की विमान हलकं होतं, टेकऑफला पटकन उचलतं आणि उतरताना जास्त तरंगतं. थांबा, ढकलू नका. बसेल ते.