बदकाच्या पिल्लानं उलट्या टोकाला चोच मारली तर

खाकी कॅम्पबेल, पेकिन वगैरे जातींच्या बदकांची अंडी 28 दिवस आणि मस्कोव्हीची 35 दिवस धरायची, शेवटचे तीन दिवस अंडी फिरवायची नाहीत आणि ह्युमिडिटी 70 टक्क्यांच्या आसपास न्यायची, इथपर्यंत सगळं ठीक असतं. मग सकाळी इन्क्युबेटरमध्ये (अंडी उबवायच्या पेटीत) बघावं तर एका अंड्याला निमुळत्या टोकाला तडा गेलेला आणि आतून पिल्लू ओरडतंय.

आधी समजून घ्या की घोळ काय झालाय. सरळ पिल्लू डोकं उजव्या पंखाखाली आणि चोच बोथट टोकाकडे करून बसतं, तिथे हवेची पोकळी असते, त्यात चोच घालून ते श्वास घ्यायला लागतं आणि साधारण दिवसभरानं बाहेरचं कवच फोडतं. तेवढ्या वेळात आतल्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या आटायला लागतात, बलक पोटात ओढला जायला लागतो. उलट्या पिल्लाला ती पोकळी मिळतच नाही, ते डायरेक्ट बाहेर चोच मारतं, म्हणजे ही सगळी कामं तडा गेल्यानंतर व्हायची असतात. त्यामुळे त्याला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो आणि आपण मात्र घाबरून नेमकं त्यालाच सगळ्यात आधी सोलायला घेतो, निम्मी पिल्लं तिथेच हातची जातात असं माझं मत.

घाई फक्त हवेची. हात साबणानं धुवा, चिमटा उकळून घ्या, आणि तड्याजवळचे कवचाचे बारीक तुकडे काढून चोचीवरच्या नाकपुड्या मोकळ्या होतील एवढंच भोक करा. पांढरा पडदा नाकावर चिकटला असेल तर तेवढाच बाजूला करायचा. मग भोकाच्या कडेच्या पडद्याला इअरबडनं कोमट खोबरेल तेल अगदी पुसटसं लावा, नाकात थेंब जाता कामा नये, आणि अंडं परत 37.5 डिग्रीला आत, भोक वर करून. लाइट जायची भीती असेल तर इन्व्हर्टरची सोय आधीच बघून ठेवा.

आता थांबायचं. एक दिवस तर नक्कीच, बऱ्याचदा दोन. मध्ये सहा-आठ तासांनी एकदा बघितलं तरी पुरे, दर अर्ध्या तासानं झाकण उघडलं तर ओल उडते आणि पडदा वाळून पिल्लाला आवळून बसतो, मग बाकीची चांगली पिल्लंपण अडकतात. बघताना पडद्याला तेल लावलं की तो काचेसारखा होतो आणि आतलं दिसतं. लाल रेषा, म्हणजे रक्तवाहिन्या, दिसल्या की हात मागे. पिल्लू चोचीनं चघळल्यासारखं, जांभई दिल्यासारखं करत असेल तर बलक अजून आत जातोय, तेव्हाही हात लावू नका. चुकून रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअरची चिमूट दाबून धरा, थांबलं की लगेच आत ठेवा.

लाल रेषा पूर्ण गेल्या, चघळणं थांबलं आणि तरी पिल्लू गोल फिरून कवच कापत नाहीये, तेव्हाच मदत. उलट्या पिल्लाला फिरायला जागा कमी पडते, ते बऱ्याचदा स्वतः कापू शकत नाही. भोकापासून कडेकडेनं कवच थोडं थोडं काढत डोकं मोकळं करा आणि तिथेच थांबा, खालचा अर्धा भाग तसाच राहू दे, पाय मारून ते स्वतः बाहेर येईल. ओढायचं नाही, कारण बेंबी अजून खाली जोडलेली असू शकते. बलकाचा गोळा बाहेर दिसला तर पिल्लाला स्वच्छ ओल्या टिश्यूत सैल गुंडाळून, तोंड न झाकता परत उबेत ठेवा.

अजून चोचच मारली नाहीये पण तारीख उलटली आणि टॉर्च लावल्यावर पोकळीत चोचीची सावली दिसत नाही, अशा केसमध्ये बोथट टोकाला, पोकळीच्या बरोबर वर, सुईनं बारीक छिद्र पाडता येतं, तिथल्या कवचाला रक्तवाहिन्या नसतात. तिथून आत बघून ठरवा.

बाहेर आल्यावर खाली वर्तमानपत्र नको, पाय फाकतात, जुना खरखरीत टॉवेल बरा. पहिला दिवस खाल्लं नाही तरी काळजी नको, पोटातला बलक पुरतो. आणि पुढच्या वेळी अंडी उभी लावत असाल तर निमुळतं टोक खाली आहे ना, ते प्रत्येक अंड्याचं बघूनच ट्रेमध्ये ठेवा.