पिकअपची अलाइनमेंट: मशीनवर चढवण्याआधीच होणाऱ्या चुका

टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजारात ओळीने पिकअप उभ्या असतात. कधी वेळ असला तर त्यांची पुढची टायरं बघत चालत जा. पाचातल्या एका गाडीची आतली कड तरी ब्लेडने तासल्यासारखी दिसेल. मालकाला विचारलं तर उत्तर ठरलेलं: "अलाइनमेंट तर मागच्याच महिन्यात केली!" केली असेलच. पण अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन नीट लावणं. ते कशावर लावले?

सैल सांध्यांवर केलेली अलाइनमेंट, हा माझा सगळ्यात जुना राग. मशीन फक्त गाडी उभी असताना चाकं कुठं बघतायत तेवढं सांगतं. टाय रॉड एंड, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांडीच्या टोकाचा सांधा, हलत असला तरी स्क्रीनवर सगळं हिरवं येतं. गाडी रस्त्याला लागली, ब्रेक दाबला, खड्डा आला, की चाक आपल्या मनाने वळतं. म्हणून माझ्याकडे आलेली गाडी आधी जॅकवर जाते, मशीनवर नंतर. चाक घड्याळातल्या 9 आणि 3 च्या जागी दोन्ही हातांनी धरून हलवायचं. प्ले, म्हणजे सैलपणा, आला तर बहुतेक वेळा टाय रॉड एंड. मग 12 आणि 6 ला धरायचं. इथं प्ले आला तर पोराला ब्रेक दाबून धरायला सांगतो. प्ले गेला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं तो सांधा. पुढे स्प्रिंग खालच्या आर्मवर, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यावर, असलेली गाडी असेल, तर जॅक चेसिसला न लावता त्या आर्मखाली लावा. नाहीतर स्प्रिंगच्या ताणाने जॉइंट आवळलेला राहतो आणि तुम्ही "टाइट आहे" म्हणून मोकळे होता. या सगळ्याला दहा मिनिटं लागतात. तेवढीही नसतील, तर अलाइनमेंटचे पैसे डिझेलमध्ये घाला.

टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढून किंचित आत वळलेली असणं, अर्ध्या अंशाने चुकलं तर काय होतं, असं म्हणणाऱ्यांसाठी हिशोब. प्रत्येक चाक अर्धा अंश तिरकं असलं, तर किलोमीटरमागे टायर पावणेनऊ मीटर आडवं घासलं जातं. शंभर किलोमीटरला पाऊण किलोमीटरच्या वर. तुमचं रबर कुठं जातं ते कळलं असेल.

आता दुसरी चूक, आणि हिच्यावर माझं तोंड सुटतं. गाडी सरळ चालतेय पण स्टिअरिंग वाकडं आहे, म्हणून स्टिअरिंगचा नट खोलून, ते उपसून, शाफ्टवर दाते बदलून सरळ बसवणं. मीही शिकाऊ असताना एकदा केलंय. उस्तादाने पान्हा फेकून मारला होता, आणि बरोबरच होतं.

दोन वर्षांपूर्वी ओतूरकडचा एक पोरगा आला. स्वतःची गाडी, हप्ते चालू, कागदावर 1300 किलोची. म्हणजे 20 किलोचे 65 क्रेट. हा शंभरच्या वर भरायचा. म्हणाला, "दादा, स्टिअरिंग सैल होतं, ते टाइट करून घेतलं. आता माळशेज उतरताना वळवलेलं परत येत नाही. हात भरून येतात."

मी उलटं विचारत गेलो. टाइट का केलं? सरळ रस्त्यावर खेळत होतं म्हणून. खेळायला कधी लागलं? एका ठिकाणी स्टिअरिंग सरळ करून घेतलं तेव्हापासून. त्याआधी? "डावीकडे असायचं, घड्याळात 11 वाजल्यासारखं."

तिथंच सापडलं. स्टिअरिंग बॉक्सचा, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणाऱ्या पेटीचा, प्ले मधोमध सगळ्यात कमी असतो, तशीच त्याची बनावट असते. दाते बदलून वरचं चाक सरळ दिसलं, पण आतला बॉक्स मधोमध नव्हता. म्हणून सरळ रस्त्यावर सैल लागायचं. मग कुणीतरी तशाच अवस्थेत बॉक्सचा स्क्रू आवळला, आणि खऱ्या मधल्या जागेवर बॉक्स जाम व्हायला लागला. एक चूक झाकायला दुसरी, दुसरीला तिसरी.

आणि मूळ दुखणं पुढे नव्हतंच! टेप घेतली, दोन्ही बाजूंना पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंत मोजलं. डावी बाजू 30 मिमी जास्त. खाली वाकून बघितलं तर मागच्या डाव्या पाट्याचे (लीफ स्प्रिंगचे) एक्सल आवळणारे यू बोल्ट सैल, आणि त्याला जागेवर धरणारा सेंटर बोल्ट तुटलेला. ओव्हरलोडने एक्सल पाट्यावरून मागे सरकला होता. मागची चाकं गाडीला उजवीकडे फिरवू बघत होती, म्हणून सरळ चालायला स्टिअरिंग डावीकडे धरावं लागायचं. बोल्ट किती रुपयांचा? सांगत नाही, त्या पोराचं तोंड अजून आठवतं. एक्सल जागेवर आणला, बॉक्स मधोमध आणून स्क्रू नीट लावला, स्टिअरिंग मूळ दात्यावर बसवलं, आणि त्यानंतर मशीन.

तेव्हा स्टिअरिंग वाकडं दिसलं की आधी दोन्ही बाजूंचं अंतर टेपने मोजा. तिथं फरक नसेल तरच पुढच्या रॉडला हात लावा. पुढे सलग एक्सलची गाडी असेल तर स्टिअरिंग ड्रॅग लिंकने (बॉक्सपासून चाकाकडे जाणारी दांडी) सरळ करायचं आणि टो टाय रॉडने (दोन्ही चाकं जोडणारी दांडी). टाय रॉडने स्टिअरिंग सरळ करायला जाल तर तासभर फिरवत बसाल.

बाकीच्या भराभर. हवा न बघता अलाइनमेंट करू नका. दोन्ही बाजूंची हवा सारखी नसेल तर गाडी ओढणारच, त्यात कॅम्बरचा, म्हणजे चाकाच्या आतबाहेर झुकण्याचा, काय दोष.

मागे जास्तीचे पाटे टाकले की रिकामी गाडी मागून उचलली जाते, कॅस्टर, म्हणजे चाक वळतं त्या आसाचा मागे कललेला कोन, कमी होतो आणि स्टिअरिंग हलकं, भरकटल्यासारखं लागतं. त्याला टो फिरवून औषध नाही. टॉर्शन बार (पिळाने स्प्रिंगचं काम करणारी दांडी) आवळून पुढून गाडी उचलणाऱ्यांनी उंची आधी ठरवावी आणि अलाइनमेंट नंतर करावी, उलटं नाही.

जॅकवरून खाली घेतलेली गाडी तशीच मोजू नका. चाकं आत ओढलेली असतात. चार-पाच मीटर पुढे ढकला, मग मोजा.

मशीनचा क्लॅम्प चाकाला लावला की चाक फिरवून रनआउट, म्हणजे रिमच्या वाकडेपणाचा फरक, काढायचाच. आपल्या रस्त्यांवर सरळ रिम कुणाचा राहिलाय?

गाडी थोडी डावीकडे जाते म्हणून घाबरू नका. पाणी निघायला रस्त्यालाच डावीकडे उतार असतो. शंका असेल तर पुढची टायरं डावी-उजवी बदला. ओढ बाजू बदलली तर दोष टायरचा.

मशीनवरही माझा पूर्ण विश्वास नाही. टायर फिरवत खडूचा पट्टा ओढतो, त्यावर खिळ्याने बारीक रेघ मारतो, गाडी खाली घेऊन ढकलतो आणि हबच्या उंचीला पुढून आणि मागून टेप लावतो. मशीनचा आकडा आणि माझी टेप जुळली नाही, तर मशीन परत लावायला सांगतो. पोरं हसतात. हसू देत.

आणि शेवटी लॉक नट, टाय रॉडची लांबी पक्की धरणारा. टो लावला, स्क्रीन हिरवी झाली, गिऱ्हाईक हॉर्न वाजवतंय म्हणून नट हातानेच फिरवून गाडी सोडणारे मी पाहिलेत. मी पान्ह्याने आवळल्यावर नट आणि रॉडवर मिळून पिवळ्या रंगाची एक रेघ ओढतो. पुढच्या वेळी गाडी आली की आधी ती रेघ तुटलीय का, ते बघतो.