डेस्कटॉप की लॅपटॉप? जुना कॉम्प्युटर बदलताना या चुका टाळा

"कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय, आता लॅपटॉपच घेऊन टाकू." या एका वाक्यात दोन निर्णय उरकलेले असतात: जुनं मशिन टाकायचं आणि डेस्कटॉपच सोडायचा. बंद पडण्याचं कारण डब्यात असेल तर नवा डबा पुरतो. कारण भिंतीतल्या वायरिंगमध्ये असेल तर पन्नास हजारांचा लॅपटॉप आणला तरी ते तिथेच राहतं. म्हणून डेस्कटॉप की लॅपटॉप हा प्रश्न मी नेहमी दुसऱ्या नंबरवर ठेवतो.

बिघाड न शोधता खरेदीला निघणं

मशिन कधी आणि कसं बंद पडतं हे चार दिवस नीट पाहिलं तरी बरंच कळतं.

बटण दाबल्यावर पंखे फिरतात, स्क्रीन काळीच राहते आणि आतून बीप येतात, तेव्हा बहुतेक वेळा रॅमचा, म्हणजे मेमरीच्या पट्टीचा, संपर्क गेलेला असतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, दमट हवेमुळे हे फार होतं. विजेची वायर काढायची, रॅमची पट्टी बाहेर काढून तिच्या सोनेरी पिना पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने पुसायच्या आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या लागेपर्यंत पट्टी परत दाबून बसवायची. एवढ्यावर चालू झाली असती अशी कितीतरी मशिनं भंगारात गेली आहेत.

दर वेळी तारीख मागे गेलेली दिसते आणि बँकेची साइट उघडताना ब्राउझर सुरक्षिततेची तक्रार करतो? मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डावरचा, ३ व्होल्टचा बटण सेल संपलाय. सीआर२०३२ नावाचा हा सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो.

वीस-पंचवीस मिनिटं ठीक चालून धाडकन बंद होत असेल तर उष्णता. पंख्यात धूळ आणि प्रोसेसरवर सुकलेली (उष्णता बाहेर नेणारी) पेस्ट, एवढंच बहुधा निघतं. दर वेळी वेगळाच एरर देणारी निळी स्क्रीन येत असेल तर विंडोजमधलीच मेमरी तपासणी रात्रभर चालवून बघा.

पाण्याची मोटर किंवा मिक्सर सुरू केला की रीस्टार्ट होतो, ही तक्रार मात्र गंभीरपणे घ्या. विजेचा दाब क्षणभर खाली येतो आणि थकलेला एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, ती ओढ सोसत नाही. एसएमपीएस बदलून बघा, पण त्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटर लावल्यावर आकडा दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. दहा-पंधरा व्होल्ट दिसत असतील तर पहिला खर्च वायरिंगवर करायचा. थ्री-पिनची मोठी पिन तोडून टू-पिनच्या बोर्डात खुपसलेली वायर अजूनही घरोघरी दिसते. तिच्या जोरावर कुठलंच मशिन टिकत नाही, लॅपटॉपही नाही. लॅपटॉपच्या धातूच्या पाठीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, त्यामागेही बहुधा हीच नसलेली अर्थिंग असते.

आणि कॉम्प्युटर अडकत-अडकत चालतोय, आतून टकटक आवाज येतोय, तर संशयित हार्ड डिस्क. इथे प्रयोग नकोत, आधी डेटा बाहेर काढा. आवाज वगैरे काही नाही, नुसताच संथ आहे, तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवून बघा. पाच-सहा वर्षांच्या मशिनमध्ये याच्याइतका फरक दुसऱ्या कुठल्याही खर्चाने पडत नाही.

मग बदलायचं कधी? मदरबोर्ड गेला असेल तेव्हा. किंवा मशिन विंडोज ११ घेत नसेल तेव्हा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठीचे वाढीव सुरक्षा अपडेट जाहीर झाले ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे जवळपास सगळे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. अशा मशिनच्या मदरबोर्डवर पाच हजार घालणं मला पटत नाही.

लाइट जाते एवढ्याच कारणासाठी लॅपटॉप घेणं

लॅपटॉपची बॅटरी हा अंगचाच यूपीएस, हे खरं. पण लाइट गेल्यावर वायफायचा राउटरही बंद पडतो, आणि ऑनलाइन फॉर्म भरायचा असेल तर नुसता उजळलेला लॅपटॉप काय कामाचा? राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो दोन्ही पर्यायांत लागणारच.

साध्या ऑफिसकामाच्या डेस्कटॉपला ६०० व्हीएचा यूपीएस काम सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता वेळ देतो. त्यावर लेझर प्रिंटर जोडू नका. प्रिंट काढताना तो एकदम एवढा करंट ओढतो की यूपीएस शिट्टी मारून बसतो. आतली बॅटरीही दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. लोक ती बदलत नाहीत आणि म्हणतात, यूपीएस असून काही उपयोग झाला नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण 'यूपीएस' मोडवर आहे का बघा. साध्या मोडमध्ये लाइट जाताना जो क्षण मध्ये जातो, तेवढ्यात डेस्कटॉप रीस्टार्ट होतो.

दिवसातून चार-चार तास लाइट नसेल, इन्व्हर्टरही नसेल, तर मात्र लॅपटॉप घ्या. तिथे वाद नाही.

'कधीतरी बाहेर नेऊ' म्हणून लॅपटॉप, आणि मग तो टेबलावरच

हे मी सर्वांत जास्त वेळा पाहिलंय. लॅपटॉप घेतला जातो, प्लॅस्टिकच्या आवरणासकट टेबलावर ठेवला जातो आणि चार्जर बोर्डातून कधी निघतच नाही. सतत शंभर टक्के चार्ज आणि वर उष्णता, यात बॅटरी लवकर म्हातारी होते. बऱ्याच कंपन्यांच्या सेटिंगमध्ये चार्जिंग साठ किंवा ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय असते. टेबलावरच्या लॅपटॉपला ती पहिल्या दिवशीच लावायची. टचपॅड वर उचललेला वाटला, झाकण नीट बसेना, तर बॅटरी फुगलीय. चार्जर काढा, मशिन बंद करा आणि दुरुस्तीवाल्याकडे जा.

दुरुस्तीचा हिशेबही वेगळा आहे. डेस्कटॉपच्या कीबोर्डवर चहा सांडला तर काही शे रुपयांत नवा येतो. लॅपटॉपवर सांडला तर तो थेट मदरबोर्डापर्यंत जातो. बिजागरी तुटली की सोबत प्लॅस्टिकची बॉडीही जाते. कित्येक पातळ मॉडेलांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, म्हणजे आज ८ जीबी घेतली तर शेवटपर्यंत ८ जीबीच. दुकानात विचारायचं: रॅमचा रिकामा स्लॉट आहे का?

माझं मत विचाराल तर एका जागी बसून रोजचं काम, घरातली दोन-तीन माणसं आळीपाळीने वापरणार, हिशेब, टायपिंग, मुलांचा अभ्यास: डेस्कटॉप. मुलगी इंजिनिअरिंगला होस्टेलवर चालली असेल, किंवा कामच फिरतीचं असेल: लॅपटॉप. अधल्यामधल्यांनी लॅपटॉप घ्यावा आणि जुन्याच पीसीचा मॉनिटर, कीबोर्ड, माउस त्याला जोडावा. जुना मॉनिटर फक्त व्हीजीएचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या केबलचा, असेल तर एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लागतो, तो स्वस्त असतो. मान खाली घालून आठ तास लॅपटॉपवर टायपिंग करण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

नावावर जाणं

'आय५ आहे ना, मग झालं.' नाही झालं. आय३, आय५, आय७ ही इंटेलच्या प्रोसेसरची नावं. पातळ लॅपटॉपमधले यू मालिकेचे प्रोसेसर साधारण १५ वॉटच्या हिशेबाने बनवलेले असतात, डेस्कटॉपवाला आय५ साधारण ६५ वॉटच्या. नाव एक, दम वेगळा. पिढीचंही तसंच: बाराव्या पिढीचा आय३-१२१०० हा सातव्या पिढीच्या आय७-७७०० ला मागे टाकतो. जुनं मशिन 'आय७' म्हणून गळ्यात मारणाऱ्याला पिढी विचारा.

जुनी जोडणी विसरणं

डीटीपीवाले (कॉम्प्युटरवर छपाईची जुळणी करणारे), छोटे छापखाने, पतसंस्था, दवाखाने, यांनी हा भाग दोनदा वाचावा.

मराठी डीटीपीची जुनी सॉफ्टवेअर, श्रीलिपीसारखी, हार्डवेअर लॉकवर चालायची, म्हणजे ठरावीक छोटं उपकरण कॉम्प्युटरला जोडलेलं असेल तरच. तो लॉक जर पॅरलल पोर्टाचा, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या रुंद पोर्टाचा, असेल, तर आजच्या लॅपटॉपला तसा पोर्टच नाही. बाजारात यूएसबी ते पॅरलल केबल मिळते, पण ती प्रिंटरसाठी असते. लॉक तिच्यावर सहसा ओळखला जात नाही. डेस्कटॉपमध्ये निदान पॅरलल पोर्टाचं कार्ड बसवून बघता येतं. वीस वर्षांच्या लग्नपत्रिका आणि दिवाळी अंकांच्या फाइली त्या जुन्या फॉण्टमध्ये असतील, तर नव्या मशिनवर त्या उघडल्यावर अक्षरांऐवजी इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसेल, कारण तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशिनवर सारख्या चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत, नाही. म्हणून जुनं मशिन चालू आहे तोवरच लॉक, फॉण्ट, लायसन्स क्रमांक आणि रूपांतराची सोय पक्की करायची.

सीरियल पोर्टाचा वजनकाटा, पासबुक प्रिंटर, बोटांचे ठसे घेणारं यंत्र, डिजिटल सहीचा टोकन, या सगळ्यांची यादी करा आणि विंडोज ११ चे ड्रायव्हर आहेत का ते खरेदीआधी बघा. मशिन आणल्यावर हे कळलं की जुना पीसी कोपऱ्यात चालूच ठेवावा लागतो.

बचत चुकीच्या जागी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा आपल्या गावातल्या दुकानातून असेंबल करून घेताना लोक प्रोसेसरवर घासाघीस करतात आणि कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस मुकाट घेतात. त्यावर '५००' छापलेलं असतं, पण तेवढे वॉट तो खरंच देईल याची खात्री कोण देणार? जुना पीसी याच भागामुळे मेला असेल तर नव्यात तरी नावाजलेल्या कंपनीचा, वेगळी वॉरंटी असलेला घ्या. रीफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून विकलेलं जुनं मशिन, घेणार असाल तर आठवी पिढी किंवा पुढचीच, बायोसला (चालू होताना पहिल्यांदा येणाऱ्या सेटिंगला) पासवर्ड नाही ना हे बघून, आणि जीएसटीच्या बिलासह. लॅपटॉप असेल तर बॅटरीची मूळ क्षमता किती आणि आता किती उरलीय, हे समोर दाखवायला सांगा.

आवराआवरीत डेटा घालवणं

जुना डबा भंगारवाल्याला देताना डिस्क काढून घ्या. यूएसबीच्या केसमध्ये घातली की ती नव्या मशिनवर वाचता येते. नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क बहुधा आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कुलूपबंद होते. तिची रिकव्हरी की त्या खात्यात साठते, आणि ते खातं दुकानातल्या पोराने स्वतःच्याच ईमेलवर उघडलेलं असेल तर उद्या बोर्ड गेल्यावर डेटा तुम्हाला मिळणार नाही. खातं स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडा आणि की कागदावर लिहून कपाटात ठेवा.

बिलावरचा सीरियल नंबर मशिनवरच्याशी जुळतो का, ते दुकानातच बघा. पहिल्या आठवड्यात सगळे पोर्ट, कॅमेरा, स्पीकर वापरून घ्या आणि रॅमची तपासणी चालवा. 'ग्राहकाकडून पडलं' असा शेरा एकदा सर्व्हिस सेंटरच्या कागदावर आला की वॉरंटीचं भांडण महिनोन्‌महिने चालतं, म्हणून खोकं उघडतानाचा एक व्हिडिओही काढून ठेवा.