मसल कार हलकी करताना या चुका टाळा

१९६०च्या दशकाच्या उत्तरार्धातली कमॅरो किंवा मस्टँग यांसारखी मसल कार, म्हणजे दणकट इंजिनाची अमेरिकी गाडी, रोड रेसिंगसाठी (वळणावळणांच्या ट्रॅकवरच्या शर्यतीसाठी) हलकी करायला घेतली, की नवशिके सर्वांत आधी मागचे सीट, स्टेपनी आणि डिकीतले अस्तर काढून टाकतात. हे सामान चार बोल्ट सैल करताच निघते, म्हणून त्यालाच प्रथम हात घातला जातो. पण या गाड्यांचे खरे दुखणे पुढच्या बाजूला, आठ सिलिंडरच्या लोखंडी व्ही-८ इंजिनापाशी असते. समजा, १५०० किलोच्या गाडीचे ५६ टक्के, म्हणजे ८४० किलो वजन पुढच्या चाकांवर आहे. मागच्या चाकांवरचे ६० किलो उतरवले तर एकूण वजन १४४० होते, पुढचे मात्र ८४०च राहते आणि पुढचा वाटा ५८ टक्क्यांच्या वर जातो. माझ्या ओळखीच्या एका चालकाची गाडी अशीच बिघडली. सरळ पट्ट्यात ती झेपावत असे, पण वळणात स्टीअरिंग कितीही फिरवले तरी तिचे नाक बाहेरच सरकत राही. त्याने टायर बदलले, स्प्रिंगा बदलल्या. तरी पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडा सोलून निघत आणि मागचे जवळजवळ कोरे राहत. अखेर चारही चाकांखाली वजनकाटे ठेवले, तेव्हा रोग समजला. इंजिनाचे सिलिंडर हेड (वरचे झाकण) आणि इनटेक मॅनिफोल्ड (हवा आत नेणारा भाग) ॲल्युमिनियमचे बसवले, पुढचा पोलादी बंपर फायबरग्लासचा केला, बॅटरी डिकीत नेली आणि गाडी वळणात ऐकू लागली. बॅटरी हलवल्याने वजन घटत नाही, लांब तारेमुळे किंचित वाढतेच. पण ते योग्य जागी जाते. चालक सीटवर आणि टाकी अर्धी भरलेली असताना गाडी काट्यावर चढवल्याशिवाय मी पान्याला हात लावत नाही, आणि काढलेल्या प्रत्येक भागाचे वजन वहीत लिहितो.

सरळ पट्ट्यात शर्यत लावणाऱ्या ड्रॅग रेसिंगवाल्यांची नक्कल करून पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) काढू नका आणि बारीक ब्रेक डिस्क लावू नका. त्यांना शर्यतीअखेर एकदा थांबायचे असते, तुम्हाला प्रत्येक फेरीत अनेकदा.

सांगाड्याला भोके पाडणे ही मला सर्वांत अस्वस्थ करणारी चूक आहे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात ट्रान्स-ॲम या अमेरिकी शर्यत-मालिकेत पेन्स्के संघाने कमॅरोची बॉडी आम्लात बुडवून पत्रा पातळ केला होता आणि छताच्या सुरकुत्या व्हाइनिलच्या आवरणाखाली झाकल्या होत्या, ही गोष्ट ऐकून उतावीळ मंडळी ग्राइंडर उचलतात. त्या गाडीत ताण पेलायला रोल केज, म्हणजे आतून बसवलेला नळ्यांचा पिंजरा, होता, हे ते विसरतात. सस्पेन्शनच्या आधाराजवळचा पत्रा कापला की जोरदार ब्रेकखाली तिथेच तडा जातो. उलट, सबफ्रेम कनेक्टर (सांगाड्याचे पुढचे-मागचे भाग जोडणाऱ्या पट्ट्या) वेल्ड करून थोडे वजन वाढले तरी मी ते आनंदाने स्वीकारतो.

मूळ काचेऐवजी पॉलिकार्बोनेट (हलके, पारदर्शक प्लास्टिक) लावायचे असेल, तर आधी शर्यतीतल्या आपल्या वर्गाची नियमावली वाचा.

वजन उतरल्यावर गाडी स्प्रिंगांवर उचलली जाते. त्यामुळे उंची, चाकांचे अलाइनमेंट आणि पुढच्या-मागच्या ब्रेकमधले प्रमाण पुन्हा जुळवल्याशिवाय तिला ट्रॅकवर नेऊ नका.