पिकअपवर हलका कॅम्पर चढवताय? वजनाच्या हिशेबातल्या या चुका टाळा

पिकअपच्या हौद्यात बसणारे हलके कॅम्पर, म्हणजे प्रवासात राहायच्या छोट्या खोल्या, बघितले की कुणालाही भुरळ पडते. छत वर उचललं की उभं राहता येतं, खाली दाबलं की गाडी पुन्हा बुटकी. माहितीपत्रकात वजन लिहिलेलं असतं ३९० किलो. गाडीचं पेलोड, म्हणजे ती जास्तीत जास्त वाहू शकते ते ओझं, ७२० किलो. मग अडचण कुठे आहे? अडचण त्या ३९० मध्येच आहे.

माहितीपत्रकातलं ते ‘कोरडं वजन’ असतं. म्हणजे पाणी नाही, गॅस नाही, बॅटरी बहुतेक वेळा नाही, आणि फ्रिज, सोलर पॅनेल, बाजूचा छज्जा हे ‘ऐच्छिक’ म्हणून यादीत वेगळे. फोटोत मात्र ते सगळं दिमाखात बसवलेलं दिसतं. फोटोतला कॅम्पर आणि वजनाच्या रकान्यातला कॅम्पर हे दोन वेगळे कॅम्पर आहेत, एवढं आधी डोक्यात पक्कं बसवा.

एकदा कागदावर बेरीज करूनच बघू. कॅम्पर ३९०. फ्रिज २५. लेड-अ‍ॅसिड बॅटरी ३०. सोलर पॅनेल आणि त्याची फ्रेम १५. छज्जा १५. कॅम्पर उतरवण्याचे चार कोपऱ्यांतले जॅक मिळून ५०. पाण्याची टाकी ७५ लिटरची, म्हणजे ७५ किलो. इथे कुणालाही सूट नाही. गॅस सिलिंडर ९ किलो गॅसचा, लोखंडासकट १७. हौद्याला बांधायचे हूक, टर्नबकल (फिरवून ताण आवळायचे स्क्रू) आणि खालची रबरी मॅट २०. दोन माणसं १४५. अंथरूण-पांघरूण, भांडी, कपडे, शिधा, हत्यारं मिळून ९०, आणि हे फार हात आखडून धरलंय. एकूण ८७२. पेलोड ७२०. दीडशे किलो जास्त, आणि अजून कुत्रा गाडीत चढलेला नाही.

आता कात्री लावू. जॅक घरी ठेवले, ५० वाचले. पाणी ३० लिटरच भरलं, ४५ वाचले. लिथियम बॅटरी घेतली, साधारण १७ वाचले. हौद्याचा मागचा फाळका काढून ठेवला, तो २५-एक किलोचा तरी असतो. सगळं करून १३७ किलो कमी झाले आणि गाडी तरीही १५ किलोंनी वरच. म्हणून ‘हलका आहे, चालून जाईल’ हे वाक्य मला ऐकवत नाही. या गाडीला हा कॅम्पर चालणार नाही. किंवा याच कॅम्परचं नुसतं कवच घ्यावं लागेल, आतली मांडणी नसलेलं.

पेलोडचा आकडा भलतीकडून उचलणं

जाहिरातीत ‘९०० किलोपर्यंत’ लिहिलेलं असतं. त्यातलं ‘पर्यंत’ महत्त्वाचं. तो आकडा त्या मॉडेलच्या सर्वांत साध्या, सर्वांत हलक्या गाडीचा असतो. मोठी केबिन, फोर-व्हील ड्राइव्ह, डिझेल इंजिन, काचेचं छत, गरम होणाऱ्या सीट असं एकेक वाढत गेलं की पेलोड तेवढं खाली येतं. बहुतेक वेळा गाडी जितकी महाग, तितकी ओझ्याला कमी.

तुमच्या स्वतःच्या गाडीचा आकडा लेबलवर असतो. अमेरिका-कॅनडातल्या गाड्यांत तो चालकाच्या दारालगतच्या खांबावर सापडतो: माणसं आणि माल मिळून अमुक किलोंपेक्षा जास्त नको. त्या हिशेबात चालकही ओझंच. युरोपात पद्धत वेगळी आहे. तिथे गाडीच्या ‘चालू स्थितीतल्या’ वजनातच ७५ किलोचा चालक आणि ९० टक्के इंधन धरलेलं असतं. त्यामुळे एका देशातल्या माणसाचा हिशेब दुसऱ्या देशात तसाच उचलून चालत नाही. आणि लेबल कुठलंही असो, नंतर बसवलेला लोखंडी बंपर, विंच किंवा हौद्याचं झाकण त्यात नसतं. ते तुम्हीच वजा करायचं.

पिकअपच्या ‘हाफ-टन’, ‘वन-टन’ या नावांवर तर अजिबात जाऊ नका. ती जुन्या काळची उरलेली नावं आहेत. आजच्या गाडीच्या क्षमतेशी त्यांचा मेळ बसत नाही.

एकूण वजन बरोबर, पण मागचा एक्सल बुडाला

ही चूक हिशेबी माणसंही करतात. बेरीज जमली म्हणजे काम झालं असं त्यांना वाटतं. पण पुढच्या आणि मागच्या एक्सलची मर्यादा वेगवेगळी असते, आणि कॅम्परचं ओझं जवळजवळ सगळं मागच्या एक्सलवर येतं.

धर्मकाट्यावर हे स्पष्ट दिसतं. समजा, गाडीची एकूण मर्यादा ३,२०० किलो आणि मागच्या एक्सलची १,७७०. रिकाम्या गाडीचा पुढचा एक्सल १,४२० दाखवत होता. कॅम्पर चढवला, टाक्या भरल्या, माणसं बसली आणि एकूण वजन आलं ३,१८०. सगळे खूश. मग फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली: १,३७०. म्हणजे मागे १,८१०, मर्यादेपेक्षा ४० जास्त. आणि पुढचा आकडा नीट बघा. गाडीवर ७०० किलो चढले आणि पुढचा एक्सल ५० किलोंनी हलका झाला. याच पुढच्या चाकांनी तुम्ही गाडी वळवता.

कारण साधं आहे, तरफेचं. कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या एक्सलच्या थोडा पुढे पडायला हवा. बऱ्याच कॅम्परवर तो बाजूला खूण करून दाखवलेला असतो, आणि पिकअपच्या पुस्तिकेत तो कुठून कुठपर्यंत चालेल ते दिलेलं असतं. आखूड हौद्याच्या गाडीवर लांब कॅम्पर बसवला की तो मध्य एक्सलच्या मागे सरकतो. शिवाय लोक शेपटीला सायकली टांगतात. एक्सलांमधलं अंतर ३७० सेंटिमीटर धरा आणि मागच्या एक्सलपासून दीड मीटर मागे ५० किलोंच्या सायकली-कॅरियर लावा. मागच्या एक्सलवर ५० नव्हे, ७० किलो वाढतात आणि पुढून २० निघून जातात. पाण्याची टाकी कॅम्परमध्ये नेमकी कुठे आहे, हा प्रश्न म्हणूनच विकत घेण्याआधी विचारायचा. सांडपाण्याची टाकी दुसऱ्या टोकाला असेल तर दोन दिवसांनी गाडीचा तोल बदललेला असतो, वजन तेवढंच असूनही.

डाव्या-उजव्या तोलाबद्दल फार लिहीत नाही. फ्रिज, बॅटरी आणि गॅस एकाच बाजूला आले तर गाडी एका अंगाला कलंडलेली लांबूनच दिसते.

एअर बॅग लावल्या म्हणजे पेलोड वाढलं?

नाही. एअर बॅग (अपघातातल्या नव्हे, मागच्या स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या) किंवा जादा पाटे लावले की बसलेली शेपूट वर येते, झोल कमी होतो, गाडी देखणी उभी राहते. पण एक्सल, बेअरिंग, ब्रेक, चाकाची रिम आणि चासी तीच असते. लेबलवरचा आकडा जिथल्या तिथे राहतो. मर्यादेच्या आत असलेली गाडी नीट चालावी म्हणून हे जरूर लावा. मर्यादा ओलांडून वर लावलंत तर फक्त इशारा देणारी खूण पुसली जाते.

टायरचा विषय वेगळा. टायरच्या कडेला भार-निर्देशांक असतो: ११२ म्हणजे एका टायरला १,१२० किलो, ११६ म्हणजे १,२५०, १२१ म्हणजे १,४५०. हा भार पूर्ण हवेवर धरलेला असतो. रिकाम्या गाडीला ठेवता तेवढ्या कमी हवेवर कॅम्पर लादला, की टायर कडेने सतत वाकत राहतो, तापतो आणि लांबच्या, उन्हाच्या रस्त्यावर फुटतो. जड टायर घातल्यानेही एक्सलची मर्यादा वाढत नाही, पण हलके टायर मात्र ती खाली आणतात.

गाडी काय सांगतेय

स्टेअरिंग अचानक हलकं लागतंय, रात्री समोरचे लोक सारखे डिपर मारतायत: शेपूट बसलीय, वजन मागे आहे. आधी सामान पुढे सरकवा, हेडलाइट नंतर खाली करा. वळणावर गाडी एका बाजूला झुकून परत यायला वेळ घेत असेल तर आधी छतावर काय काय बांधलंय ते बघा, मग गाडीचं झुकणं कमी करणाऱ्या दांड्याचा, म्हणजे अँटी-रोल बारचा विचार करा. खड्ड्यात मागून ‘धाड्’ असा आवाज येतोय म्हणजे स्प्रिंगची चाल संपून बंप-स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडथळ्यावर आदळतंय. तिथे धर्मकाटा गाठण्यावाचून दुसरा उपाय नाही. थांबल्यावर मागच्या टायरजवळ हात नेऊन बघा. एकच टायर जास्त तापला असेल तर हवा कमी आहे, नाहीतर त्या बाजूला भार जास्त आहे, किंवा ब्रेक धरून राहतोय.

ब्रेक मारताना आतून सरकल्यासारखा आवाज आला तर कॅम्पर हौद्यात घसरतोय. हौद्यात प्लॅस्टिकचं गुळगुळीत अस्तर असलं की हे हमखास होतं. खाली रबरी मॅट हवीच. नवीन बांधलेले टर्नबकल पहिल्या ५०-६० किलोमीटरनंतर थांबून पुन्हा आवळायचे, कारण तोवर कॅम्पर आपली जागा धरून किंचित खाली बसलेला असतो. आणि काट्याची पावती डॅशबोर्डच्या कप्प्यातच राहू द्या, मागे पेन्सिलीने लिहून: टाकी किती भरलेली होती, गाडीत कोण होतं, सायकली होत्या की नव्हत्या.