गच्चीवरचं पाणी गटारातच जातंय? रेनवॉटर हार्वेस्टिंगमधल्या या चुका टाळा

आमची सोसायटी घोडबंदर रोडला, दोन विंग, चाळीस फ्लॅट. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि एप्रिल आला की आमच्या गेटवर टँकरची लाईन. तीन वर्षांपूर्वी कमिटीत घुसलो (घुसलो म्हणजे एजीएमला, वार्षिक सभेला, जास्त बोललो म्हणून गळ्यात पडलं) तेव्हा पहिला प्रश्न विचारला की आपल्याकडे रेनवॉटर हार्वेस्टिंग, म्हणजे गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवायची किंवा जमिनीत मुरवायची सोय, आहे ना, बिल्डरच्या प्लॅनमध्ये तर दाखवलंय. सेक्रेटरी म्हणाले, आहे की, जनरेटरच्या मागे खड्डा आहे. झाकण उघडायला तीन माणसं लागली. आत फुटक्या टाईल्स, सिमेंटच्या गोण्या, एक चप्पल, आणि पाण्याचा थेंब नाही, तेही जुलैत!

त्यानंतर जे शिकलो, त्यातलं बरंचसं स्वतः चुका करूनच, ते इथे लिहितोय. सोसायटीवाल्यांसाठी आहे आणि गावाकडे पाड्यावर टाकी बांधायचं ठरवणाऱ्यांसाठी पण, कारण बायकोचं माहेर शहापूर तालुक्यातलं आणि तिकडचं एक काम जवळून पाहिलंय.

चूक पहिली : "आहे आपल्याकडे" असं धरून चालणं

२०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटवर नवीन बांधकाम करताना हे बंधनकारक आहे. त्यामुळे खड्डा असतो. तो ओसी, म्हणजे इमारत वापरायचा दाखला, मिळण्यापुरता असतो. ओसी हातात आली की खड्ड्याचं कुणाला काही पडलेलं नसतं, बिल्डर गेलेला आणि सोसायटीला हँडओव्हरमध्ये लिफ्टची आणि पंपाची चावी मिळते, खड्ड्याबद्दल कोण सांगतो?

तपासायची सोपी युक्ती आमच्या प्लंबरने सांगितली. जिलेबीत घालतात तो केशरी रंग दोन बादल्या पाण्यात कालवायचा, गच्चीवरच्या एकेका तोंडात ओतायचा आणि खाली एक माणूस चेंबरपाशी उभा करायचा. रंग खड्ड्यात आला तर जोडलेलं आहे. आमच्याकडे गच्चीवरून खाली येणाऱ्या सहा डाऊनटेक पाईपांपैकी एकाचाच रंग खड्ड्याकडे आला, आणि तोही वाटेतल्या फुटलेल्या जॉईंटमधून मातीत झिरपत होता, बाकी पाच थेट पावसाळी गटारात. म्हणजे पाईप दिसायला होते, जायचे भलतीकडेच. हे रंगाचं काम कोरड्या दिवशी करा, पावसात काही कळत नाही.

चूक दुसरी : सगळीकडे खड्डाच खणायचा

ही सगळ्यात महागात पडते म्हणून जरा सविस्तर सांगतो. आपल्याकडे खाली काळा पाषाण, बेसाल्ट. तो स्पंजसारखा पाणी पीत नाही, त्याच्या भेगांतून आणि वरच्या कुजलेल्या मुरमातून पाणी फिरतं. तुमच्या प्लॉटखाली भेग असेल तर पाणी झटक्यात खाली जाईल, नसेल तर खड्डा ही फक्त डासांची सोय. आणि भेग असली तरी ती पाणी तुमच्याच बोअरला नेईल असं काही नाही, ती उताराने खाडीकडेही जाईल. आमच्या शेजारच्या सोसायटीने पावसाळ्याच्या तोंडावर खड्डा केला आणि मार्चमध्ये बोअर कोरडी पडली म्हणून कमिटीवर आरडाओरडा झाला. त्यात कमिटीची चूक एवढीच की आधी टेस्ट केली नव्हती.

टेस्ट अशी : जिथे खड्डा घ्यायचाय तिथे दोन-तीन फुटांचा छोटा खड्डा मारा, पाण्याने भरून एकदा जिरू द्या, परत भरा, काठीवर खूण करा आणि तासाभराने बघा किती उतरलं. दुसऱ्या दिवशीपण जवळपास तेवढंच पाणी उभं असेल तर पैसे वाचले असं समजा आणि साठवणीकडे वळा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे किंवा खाजगी भूवैज्ञानिक आणून जागा दाखवून घेतली तर अजून बरं. नारळ फिरवून पाणी दाखवणारे पण येतात, आमच्याकडे आले होते, चहा पिऊन गेले.

नवी मुंबईत तर हा विषयच वेगळा. वाशीचा मोठा भाग खाडीत भराव टाकून केलेला, भरतीच्या पातळीच्या खाली, म्हणून तर सिडकोला (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) तिथे धारण तलाव करावे लागले, भरतीच्या वेळी पावसाचं पाणी थांबवायला. अशा ठिकाणी पावसाळ्यात जमिनीखाली पाणी आधीच वर आलेलं असतं, त्यात कितीसं मुरवणार? आणि खालचं पाणी खारट. तिथे सरळ टाकी करा आणि पावसाचं पाणी पावसातच वापरा. बेलापूरला डोंगराच्या बाजूला जमीन वेगळी, तिथलं गणित वेगळं. एकाच शहरात दोन नोडना (वाशी, बेलापूरसारख्या भागांना) एकच डिझाईन चिकटवणारा कन्सल्टंट आला तर त्याला नमस्कार करा.

चूक तिसरी : एजीएममध्ये मोठा आकडा फेकणं

ही मी केलेली. फळ्यावर लिहिलं : गच्ची ५०० चौरस मीटर, पाऊस २,५०० मिलीमीटर, एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर म्हणजे एक लिटर, वीस टक्के गळती-बाष्पीभवन धरलं तरी दहा लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर! टाळ्या. ठराव पास.

पण पाऊस सारख्या हप्त्यांनी येत नाही. पावसाचं पाणी साठवायची आमची टाकी वीस हजार लिटरची. एका जोरदार रात्रीत ती भरून वाहायला लागते आणि पुढचे चार दिवस पडलेलं सगळं ओव्हरफ्लोला. गणित बरोबर होतं, फक्त ते ढगाचं होतं, टाकीचं नव्हतं. दुसऱ्या वर्षी एका काकांनी एजीएममध्ये उभं राहून विचारलं, "शंभर टँकर कुठे गेले हो?" तेव्हा काय उत्तर देणार.

आता असं सांगतो : चाळीस फ्लॅट, फ्लॅटमागे चार माणसं, फ्लशला माणशी साधारण ४० लिटर धरले तर दिवसाला ६,४०० लिटर. वीस मिलीमीटर पाऊस पडला की गच्चीवरून आठ हजार लिटर मिळतात. म्हणजे तेवढा पाऊस पडला तर त्या दिवशीचं फ्लशचं पाणी फुकट. हे लोकांना पटतं कारण आठवडाभरात स्वतः बघता येतं. बऱ्याच टॉवरमध्ये फ्लशची लाईन आणि वरची टाकी आधीपासून वेगळी असते, बोअरच्या पाण्यासाठी, त्यातच हे पाणी चढवायचं. वेगळी लाईन नसेल तर खाली चार नळ काढा, गाड्या, बाग, जिने धुणं. आणि मीटिंगमध्ये पर्यावरणावर भाषण नको, मागच्या मे महिन्याचं टँकरचं बिल झेरॉक्स काढून प्रत्येकाच्या हातात द्या.

चूक चौथी : पहिल्या पावसाचं पाणी आत घेणं

आठ महिन्यांची धूळ, कबुतरांची घाण (ठाण्यात कबुतरं माणसांपेक्षा सुखी आहेत), वॉटरप्रूफिंगचे पापुद्रे, सोलर पॅनल धुतलेलं साबणाचं पाणी, सगळं पहिल्या दोन-तीन सरींत खाली येतं. बाजारात फर्स्ट फ्लश म्हणून जो एक मीटरचा उभा पाईप विकतात त्यात मावतं किती? ११० मिलीमीटरच्या पाईपात मीटरला जेमतेम नऊ लिटर. आणि ५०० चौरस मीटरची गच्ची नीट धुवायला दोन मिलीमीटर पाऊस धरला तरी हजार लिटर सोडून द्यावे लागतात. तर सोसायटीत त्या पाईपाच्या नादी न लागता सरळ पाणी गटाराकडे वळवणारा बायपासचा व्हॉल्व्ह टाका, आणि पहिले दोन चांगले पाऊस गटारात जाऊ द्या, जीव तुटला तरी. श्रावणात आठ-दहा दिवस उघडीप झाली तर परत एकदा.

घरगुती छपराला मात्र तो पाईप चालतो. वीस चौरस मीटरचा पत्रा असेल तर वीसेक लिटर सोडायचे, दोन-सव्वादोन मीटर पाईप पुरतो. खाली एंड कॅपला बारीक भोक पाडा म्हणजे आपोआप रिकामा होतो, नाहीतर दुसऱ्या पावसाला तो भरलेलाच असतो आणि सगळी घाण टाकीत.

चूक पाचवी : फिल्टर भरून विसरून जाणं

कॉन्ट्रॅक्टर खडी, रेती, दगड एकत्र ओतून निघून जातो. थर हवेत : मुरवण्याच्या खड्ड्यात तळाला मोठे दगड, मग खडी, सगळ्यात वर जाड रेती, मधे जाळी. वरची रेती गाळ अडवते, म्हणून तीच तुंबते, आणि ती वर असल्यामुळेच साफ करता येते. पाणी उतरत नाही अशी तक्रार आली की आधी वरची दोन-तीन इंच रेती खरवडून काढा, नवीन टाका, दहापैकी आठ वेळा तेवढ्यात भागतं. प्लास्टरची बारीक रेती टाकलेली असेल तर सगळंच उपसावं लागेल.

पार्किंगचं पाणी खड्ड्यात सोडू नका, त्यात ऑईल असतं. आणि चालू बोअरमध्ये गच्चीचा पाईप थेट घालणं हा तर गुन्हाच समजा, एकदा खाली घाण गेली की ती काढायला हात पोचत नाही. खड्डा सेप्टिक टँकपासून निदान दहा मीटर लांब, बिल्डिंगच्या पायापासून चार-पाच मीटर तरी.

पाण्याला वास येतोय? टाकीत पाला कुजतोय किंवा ओव्हरफ्लोमधून गटाराचं पाणी उलटं येतंय, तिसरं कारण बहुतेक नसतं. हिरवट झालंय? कुठूनतरी उजेड जातोय, झाकण बघा. डास? ओव्हरफ्लो आणि हवेच्या पाईपाला बारीक जाळी नाही. डेंग्यूचा डास मुख्यतः स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, त्यामुळे जाळी पुढच्या रविवारी लावू असं म्हणू नका.

पाड्यावरची गोष्ट

भातसा, तानसा, मोडकसागर ही सगळी धरणं शहापूर तालुक्याच्या अंगाखांद्यावर, आणि उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांना टँकर. सासुरवाडीजवळच्या पाड्यावर शाळेच्या छपराचं पाणी घेणारी दहा हजार लिटरची टाकी कुणीतरी देणगीतून बांधून दिली. उद्घाटन, हार, फोटो. फेब्रुवारीत रिकामी.

कारण साधं होतं. टाकीचा आकार पावसावर नाही, कोरड्या दिवसांवर ठरतो. पाच माणसांच्या घराला नुसतं प्यायला-रांधायला दिवसाला पंचवीस लिटर धरले तर आठ महिन्यांचे सहा हजार लिटर होतात. एका घराचे! दहा हजारात दीड घर. ती टाकी बारा घरांसाठी होती. त्यापेक्षा घरटी छोटी फेरोसिमेंटची (तारेची जाळी आणि सिमेंटची पातळ भिंत) टाकी परवडली असती, किंवा मग स्पष्ट सांगायचं की ही फक्त शाळेच्या पोरांसाठी.

दुसरं म्हणजे किल्ली. टाकीला कुलूप, किल्ली सरपंचांच्या घरी, सरपंच तालुक्याला. बायका परत झऱ्यावर. नळ लावताना टाकीच्या अगदी तळाशी लावलेला, त्यामुळे गाळ पहिला हंड्यात. आणि कुठे बांधायची, नळ किती उंचीवर, हंडा खाली बसतो का, हे पाणी भरणाऱ्या एकाही बाईला कुणी विचारलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "आमाला इचारलं असतं तर सांगितलं असतं ना, वट्टा बांधा म्हणून." आता ओटा झालाय, नळ चार इंच वर घेतलाय, किल्ली शाळेसमोरच्या घरात असते. प्यायचं असेल तर लिक्विड क्लोरीन आणि वर्षातून एकदा पाण्याची तपासणी, छपराचं पाणी दिसायला काचेसारखं असतं म्हणून ते उकळायचं टाळू नका.

चूक शेवटची, आणि माझ्या मते सगळ्यांची आई : काम कुणाच्याच अंगावर नसणं

बांधायला पैसे निघतात, सांभाळायला निघत नाहीत. आमच्याकडे आता मेंटेनन्सच्या बजेटमध्ये वेगळी ओळ आहे आणि आगोटीच्या कामांची यादी लिफ्टशेजारी चिकटवलीय : मेच्या शेवटच्या आठवड्यात गच्ची झाडणं, तोंडांवरच्या जाळ्या, रेती खरवडणं, टाकी धुणं. दर महिन्याच्या एक तारखेला बोअरमध्ये वजन बांधून टेप सोडायची आणि पाणी किती फुटांवर लागलं ते वहीत लिहायचं, तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी. व्हॉल्व्हची जबाबदारी कमिटीने घेतली होती, पण रात्री दोनला पाऊस आला की कमिटी झोपलेली असते. मग तो वॉचमन काकांकडे दिला, महिन्याला थोडे जास्त पैसे ठरवून. यंदा पहिल्या सरीला त्यांनी मला फोन केला नाही, सकाळी वहीत फक्त लिहिलेलं होतं : "रात्री २.१०, पाऊस जोरात, व्हाल गटाराकडे."