ब्रेस्ट कॅन्सर, वाढलेलं वजन आणि रिपोर्टमधलं सीआरपी: कसं वाचायचं

रिपोर्ट हातात आला की नजर पहिली ठळक छापलेल्या आकड्यावर जाते, सीआरपी 6 (सीआरपी म्हणजे शरीरात इन्फ्लमेशन, म्हणजे दाह, असला की रक्तात वाढणारं प्रोटीन), आणि पोटात गोळा येतो की कॅन्सर परत आला की काय. जरा थांबा. आधी युनिट बघा, कारण काही लॅब मिलिग्रॅम पर लिटर लिहितात, काही पर डेसिलिटर, मग पर डेसिलिटरमधलं 0.6 म्हणजेच पर लिटरमधलं 6, आणि जुना-नवा रिपोर्ट शेजारी ठेवला की इथेच घोळ होतो.

आता वजनाचं. चरबी म्हणजे नुसता साठा नाही, त्यातून, पोटातल्या चरबीतून तर जास्तच, आयएल-6 नावाचं प्रोटीन रक्तात सुटतं, ते लिव्हरला पोचलं की लिव्हर सीआरपी बनवायला लागतं. त्यामुळे बीएमआय 30 च्या वर असेल तर थोडं वाढलेलं सीआरपी नुसत्या वजनामुळेही असू शकतं. 10 मिलिग्रॅम पर लिटरच्या वर गेलं तर ताप, दुखरी दाढ, नुकतंच झालेलं ऑपरेशन असं काही होतं का ते आठवा आणि डॉक्टरांना सांगा. सीआरपी ही कॅन्सरची टेस्टच नाही, सीए 15-3 हे ब्रेस्ट कॅन्सरमध्ये बघतात ते ट्यूमर मार्कर वेगळं, दोन्हीची सरमिसळ करू नका.

त्याच कागदावर बऱ्याचदा अल्ब्युमिन असतं, हे लिव्हरच बनवतं असं रक्तातलं प्रोटीन, साधारण 3.5 ते 5 ग्रॅम पर डेसिलिटर, तिकडे मात्र कुणी बघतच नाही! शरीरात इन्फ्लमेशन असलं की हे उलट खाली येतं. अंगाने भरलेल्या बाईचं पोषण चांगलंच असणार असं घरचे धरून चालतात, पण केमोत जेवण जात नाही, स्नायू झिजतात आणि काटा तेच वजन दाखवत राहतो, कधी अंगात पाणी साठून वाढलेलंसुद्धा. घोट्याच्या वर अंगठ्याने दाबून धरा, बोट काढल्यावर खड्डा राहिला तर ती सूज आहे, लगेच डॉक्टरांना कळवा. आणि ट्रीटमेंट चालू असताना उपाशी राहून वजन उतरवायला जाऊ नका प्लीज, आधी डायटिशियनशी बोला.

चरबीतूनच सुटणारी दोन हार्मोन्स आहेत, लेप्टिन चरबीबरोबर वाढतं, अ‍ॅडिपोनेक्टिन कमी होतं, पण रोजच्या उपचारात या टेस्ट सहसा लागत नाहीत, कुणी सांगितल्याशिवाय करू नका.

एक वही करा, तारीख, वजन, कंबरेचं माप, सीआरपी, अल्ब्युमिन, आणि त्या आठवड्यात काय झालं, केमो, स्टेरॉइड, सर्दी, सगळं लिहा. शक्यतो एकाच लॅबमधून टेस्ट करा, अपॉइंटमेंटला वही न्या आणि विचारा, "मागच्या तीन वेळचे आकडे बघून तुम्हाला काय वाटतं?"